शिडी, ड्रिल आणि हवेचं यंत्र: तपासणीच्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

यंत्र आलं. मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं की सोसायटीच्या सामाईक वस्तूंत (शिडी, ड्रिल मशीन, व्हीलचेअर, वहीत सही करून न्यायच्या, परत आणून द्यायच्या) हवा तपासायचं एक यंत्रही असावं. बी विंगमध्ये दोन घरांत दम्याची मुलं आहेत, तळमजल्यावरचे समोरच्या बांधकामाची धूळ खातायत, आणि दिवाळीपासून ग्रुपवर रोज कुणीतरी एक्यूआयचा (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा) स्क्रीनशॉट टाकतंय. "ताई, तुम्ही कंपनीत हेच करत होतात ना," म्हणून सेक्रेटरींनी काम माझ्या गळ्यात घातलं.

अगदी हेच नाही. भोसरीच्या एका कारखान्यात स्टँडर्ड्स रूममध्ये, म्हणजे मोजायची साधनंच जिथे तपासतात तिथे, सव्वीस वर्षं मायक्रोमीटर, डायल गेज आणि प्रेशर गेज तपासले. हवा कधी मोजली नाही. पण आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही वस्तूला आधी काय विचारायचं, ते तिथे अंगवळणी पडलं.

किंमत २,१९० रुपये. जुन्या जाडजूड मोबाइलएवढं, तळहातावर मावतं. पडद्यावर सात आकडे: पीएम २.५ (हवेतले बारीक कण), पीएम १० (त्याहून जाड कणही धरून), सीओटू (कार्बन डायऑक्साइड), टीव्हीओसी (वासाच्या, रंगाच्या सगळ्या वाफा मिळून), फॉर्मल्डिहाइड (एक त्रासदायक वायू), तापमान, आर्द्रता. वर एक चेहरा, जो हसतो किंवा रडतो. यापुढे याला 'अ' म्हणते.

सोबतच्या कागदावर सीओटूपुढे लिहिलंय '१ पीपीएम' (दहा लाखांत एक भाग). ते लघुतम माप, म्हणजे यंत्र दाखवू शकतं तो सर्वांत लहान फरक. अचूकता किती, याबद्दल अवाक्षर नाही. नवी मुलं कामावर आली की पहिल्या आठवड्यात हीच चूक करायची: मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो म्हणजे गेज तेवढा बरोबर. चुकीचं घड्याळसुद्धा सेकंद दाखवतंच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर चालू ठेवलं. वासाच्या वाफा टिपणारे सेन्सर पहिले काही तास काहीही बरळतात, त्यांना तापू द्यावं लागतं.

दुपारी तीनला गच्चीवर नेलं. वारा होता, आसपास माणूस नाही. बाहेरच्या हवेत आज सीओटू साधारण ४२० ते ४२५ पीपीएम असतो, शहरात थोडा जास्त. म्हणजे मास्टर गेज (बाकीचे गेज ज्याच्याशी ताडून बघतात तो) फुकटात डोक्यावर पसरलेला आहे. अ ने दाखवलं ४००. दहा मिनिटांनी ४००. अर्ध्या तासानेही ४००. खरं मोजणारं यंत्र थोडं तरी हलतं, ४२८, ४३५, ४२१ असं. इतकं ठाम असणाऱ्या गेजबद्दल आम्ही म्हणायचो, "अडकलाय."

संध्याकाळी भाच्याला फोन. त्याने करोनाच्या काळात ऑफिससाठी घेतलेलं एक यंत्र त्याच्याकडे पडून आहे, पीएम आणि सीओटू दोन्हीचं. तेव्हा अकराएक हजार पडले होते. "मावशी, घेऊन जा, माझ्याकडे नुसतं घड्याळ म्हणून आहे." ते 'ब'.

१ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस कामी आला.

दोन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी. खिडक्या उघड्या. अ ४१२, ब ४६०. कापसाच्या बोळ्यावर सॅनिटायझरचे चार थेंब टाकून बोळा वीतभर अंतरावर ठेवला. अ चा सीओटू चढत चढत २,७४० वर गेला. फॉर्मल्डिहाइडही लाल झालं आणि चेहरा रडायला लागला. ब ४६०चं ४६५ झालं, बस.

सॅनिटायझरमधून सीओटू येत नाही, अल्कोहोलची वाफ येते. म्हणजे अ मध्ये सीओटूचा सेन्सरच नाही. आत गरम केलेल्या धातूच्या ऑक्साइडचा एक इवलासा थर असणार. त्यावर वाफा आल्या की त्याचा विद्युतरोध बदलतो. त्या थराला अल्कोहोल, कांद्याची फोडणी, अत्तर सगळं सारखंच. घरात माणसं वाढली की वास-वाफा वाढतात आणि सीओटूही वाढतो, एवढ्या नात्यावर एक सूत्र बसवून 'सीओटू' छापलेला आहे. बाहेर पडलेल्या चपला मोजून घरात किती पोळ्या खपल्या ते सांगावं, तसं. एखाद वेळी जमेलही.

ब चं काम वेगळं. अवरक्त किरणांतला ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा पट्टा सीओटू शोषून घेतो. दिवा एका टोकाला, डोळा दुसऱ्या टोकाला, मध्ये हवा. किती प्रकाश गिळला गेला त्यावरून सीओटू किती ते ठरतं.

हेच तोंडाने फुंकून पाहिलं असतं तर दोन्ही यंत्रं पास झाली असती. श्वासात सीओटू चाळीस हजार पीपीएमच्या घरात असतो आणि वाफाही असतात. दुकानदार फुंकूनच दाखवतात.

विक्रेत्याला लिहून विचारलं, सीओटूचा सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे? उत्तर आलं: "हाय क्वालिटी चिप मॅडम."

३ डिसेंबर

अ ची बॅटरी त्याचा आतला पंखा चालू असताना दोन तास पन्नास मिनिटं टिकली. घरभर हिंडायला पुरेशी, रात्रभर लावायला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

काल रात्री मिठाची परीक्षा लावली. जुनी युक्ती आहे: झाकणाच्या वाटीत साधं मीठ घ्यायचं आणि पाण्याचे थेंब घालून ओलसर करायचं. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. वाटी आणि यंत्र एका हवाबंद डब्यात. काही तासांत डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते आणि खोलीच्या तापमानात फारसा फरक करत नाही. रवा ठेवायचा मोठा डबा रिकामा केला, आईंना (सासूबाईंना) पटलं नाही.

सकाळी: ब ७२. अ ६५. अ चं तापमान २६.६, मी आत ठेवलेला काचेचा थर्मामीटर २४.

या दोन वेगळ्या चुका नाहीत, एकच आहे. अ चा पंखा, दिवा, तो तापलेला थर, सगळं एका लहान खोक्यात कोंडलेलं. ते स्वतःच्याच उष्णतेने अडीच अंशांनी गरम होतं, आणि तीच हवा अडीच अंश गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता पंच्याहत्तरवरून पासष्टच्या आसपास येते. गणित जुळलं तेव्हा बरं वाटलं. चुकीचं कारण सापडलं तर गेज वापरता येतो, सुधारणा लिहून चिकटवायची. चार्जिंगला लावल्यावर मात्र तापमान आणखी वाढतं, तेव्हा त्या आकड्याकडे बघूच नये.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईंनी घट मांडला, मी पाटाभोवती रांगोळी काढत होते. रांगोळी चाळताना उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ अक्षरशः नाचत होती. यंत्र लगेच शेजारी ठेवलं. पीएम २.५ ३६वरून ४१ (दर घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम). पीएम १० ४३वरून ४९. मला दोन शिंका आल्या.

डोळ्यांना दिसतेय ती धूळ यंत्राला दिसत नाही! मग वहीतले आठवडाभराचे आकडे काढले. पीएम १० भागिले पीएम २.५ कधीही करा, उत्तर १.२. फोडणी असो, झाडू असो, रांगोळी असो. ब मध्येही जवळपास तेच. या छोट्या यंत्रांत पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतातून कण जाताना जो प्रकाश विखुरतो तो मोजतात. बारीक कण त्यात चांगले पकडले जातात. जाड कण मुळात त्या अरुंद वाटेने आत नीट येतच नाहीत, म्हणून बारीक कणांवरून जाड कणांचा अंदाज बांधला जातो. पीएम १०सुद्धा बनवलेलाच आकडा निघाला. तळमजल्यावरच्यांची बांधकामाची धूळ बहुतेक करून जाड, तेव्हा त्यांची तक्रार या यंत्राने सिद्ध होणार नाही. हे त्यांना आधीच सांगायला हवं.

वहीत दोन रकाने केले: 'मोजलेले' आणि 'बनवलेले'.

७ डिसेंबर, शनिवार. चंपाषष्ठी

वांग्यावरचा चातुर्मासाचा निर्बंध आज सुटला, भरीत ठरलेलं. दोन मोठी वांगी, थेट गॅसवर. यंत्र ओट्यापासून चार फुटांवर, फ्रिजवर.

सुरुवातीला पीएम २.५ ३४. वांगी शेगडीवर, चिमणी बंद: सहाव्या मिनिटाला १९०, साल तडकून रस ज्योतीवर पडायला लागला तसं चारशेच्या वर. सर्वांत जास्त ४३७. दुसरं वांगं चिमणी पूर्ण वेगात लावून भाजलं: १२०च्या पुढे गेलं नाही. लसणीची फोडणी: १७०, पण तीन मिनिटांत खाली. हॉलमध्ये बसलेल्या यांना वासही नीट आला नव्हता तेव्हा हॉलचा आकडा ९० होता.

मग गंमत झाली. भाताच्या कुकरची शिट्टी झाली आणि अ ५८० वर. ब ५२०. दीड मिनिटात दोन्ही परत ६० वर. ती वाफ. लेझरला पाण्याचा थेंब आणि धुराचा कण यांत फरक कळत नाही. खात्री करायला नुसतं पाणी उकळून झाकण काढलं, पुन्हा तेच. धूर रेंगाळतो, वाफ विरते. वर गेलेला आकडा किती वेळात खाली आला ते बघितल्याशिवाय त्यावर बोलू नये, असं कागदावर लिहायचं ठरवलं.

चिमणीचा फरक मात्र दोन्ही यंत्रांनी सारखाच दाखवला. चारशे विरुद्ध एकशेवीस. अ थोडं जास्त दाखवत असेल, ब थोडं कमी, पण आपल्याच घरातल्या दोन परिस्थितींची तुलना करायला अ पुरेसं आहे. इतक्या दिवसांत त्याच्या बाजूने लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

(परत करायची मुदत उद्या संपते. परत करत नाही, अजून तपासायचंय. खजिनदारांचा चेहरा डोळ्यांसमोर आला.)

१२ डिसेंबर, गुरुवार

दुसरा गुरुवार, धूप. यंत्र देव्हाऱ्याच्या वर ठेवायला गेले तर आई म्हणाल्या, "अगं, देवाच्या डोक्यावर काय ठेवतेस?" खाली टीपॉयवर ठेवलं, तीन फुटांवर.

दोन उदबत्त्या: २४०. धूप घातला, निखाऱ्यावर राळ पडली: ९९९. यापुढे यंत्राला आकडाच नाही, ते तिथेच थांबलं. खिडक्या बंद असताना हॉल शंभरच्या खाली यायला ५० मिनिटं लागली. खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघडलं तेव्हा १२ मिनिटं.

आई सगळं बघत होत्या. ८२ वर्षांच्या आहेत, थंडीत छाती भरते, आणि धूपही सोडवत नाही. मी काही बोलले नाही, वही पुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. "मग धूप बाल्कनीत घालीन. उदबत्ती इथेच. निम्मं तुझं, निम्मं माझं."

१५ डिसेंबर, रविवार

आठवडाभर दोन्ही यंत्रं बाल्कनीत, ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात, वरून पुठ्ठ्याचं छप्पर. तुलना कात्रजच्या सरकारी केंद्राशी. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था), म्हणजे हवेच्या मोजणीची आणि अंदाजाची 'सफर' सेवा चालवणाऱ्या संस्थेची, बरीच केंद्रं आहेत, त्यातलं हे आम्हा धनकवडीकरांना जवळचं. तरी मध्ये दोनएक किलोमीटर आहेत, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळावा ही अपेक्षाच नाही. दिवसभरात चढ-उतार सोबत होतो का, एवढंच बघायचं.

दुपारी होतो. केंद्र ३८, अ ४१, ब ३७. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

पहाटे फाटतं. परवा सहाला केंद्र ७९, अ १२६, ब ११०. बाल्कनीतली आर्द्रता ८८. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, यंत्राला वाटतं धूळ वाढली. केंद्रांमधल्या यंत्रांत हवा आत घेतानाच गरम करून कोरडी करतात, हातातल्या खेळण्यात ती सोय कुठून असणार. म्हणजे पावसाळ्यात या यंत्रांचा बाहेरचा आकडा जवळपास निरुपयोगी. जूनमध्ये पुन्हा तपासायचं.

१७ डिसेंबर

ग्रुपवर वाद. ए विंगमधल्या एकांकडेही असंच यंत्र आहे, त्यावर 'एक्यूआय १३२, नारिंगी'. त्याच वेळी सरकारी ॲपवर ८० आणि 'समाधानकारक'. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. दोघांच्या पोटात हवा एकच आहे, पीएम २.५ ४८ मायक्रोग्रॅम. भारताच्या कोष्टकात ३१ ते ६० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय ५१ ते १००, त्यात ४८ बसवला की ८०. अमेरिकी कोष्टकात ३५.५ ते ५५.४ म्हणजे १०१ ते १५०, तिथे तोच ४८ होतो १३२. परत आपला सरकारी आकडा २४ तासांच्या सरासरीचा, यंत्राचा या क्षणाचा. एक्यूआय हाही 'बनवलेले' रकान्यात टाकला. मायक्रोग्रॅम बोला, असं ग्रुपवर लिहिलं. तुलनेला आपलं २००९चं मानक २४ तासांना ६०, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं १५. या दोहोंतलं अंतर बघून ग्रुप गप्प झाला, किंवा मला म्यूट केलं असेल.

१९ ते २१ डिसेंबर: झोपायची खोली

हे ब शिवाय झालं नसतं.

खोली १० बाय ११, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर. आम्ही दोघं. थंडी आणि डास, त्यामुळे खिडकी-दार बंद. ब मध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची टाकायची सोय आहे, ५६० मीटर भरली. पुण्यात हवा थोडी विरळ, तेवढ्याच आकाराच्या हवेत रेणू कमी, न सांगता मोजलं तर सहा-सात टक्के कमी दिसतं.

पहिली रात्र. झोपताना ६१०, सकाळी सव्वासहाला १,७१०. उठून बाहेर आलो, दार ओढून घेतलं, यंत्र आत एकटं. ७:४५ला ९००.

रिकाम्या खोलीत आकडा नुसता गळतीने उतरतो, त्यावरून खोली तासाला किती हवा बदलते ते निघतं. बाहेरचे ४३० वजा केले: १,२८० चे ४७० झाले, दीड तासात. त्या दोहोंच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन तासांनी भागलं, ०.६७. म्हणजे बंद खोलीतली हवा दीड तासाला एकदा बदलते. उलट बाजूने पडताळा घेतला: झोपलेला मोठा माणूस तासाला १२-१३ लिटर सीओटू सोडतो, दोघांचे पंचवीस, ३० घनमीटरमध्ये ते ८३० पीपीएम, भागिले ०.६७, अधिक ४३०. सतराशेच्या जवळच. बऱ्याच वर्षांनी गणित करून चहा गार केला.

१,७१० ने कुणी मरत नाही. १८५८ मध्ये म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १,००० ही खूण सांगितली तीसुद्धा सीओटू विषारी म्हणून नव्हे. तो वाढला की माणसांनी सोडलेलं बाकी सगळंही साठलंय, एवढंच त्यातून कळतं. घरात एकाला सर्दी-खोकला असेल तर ते महत्त्वाचं.

दुसरी रात्र. खिडकी चार बोटं उघडी, जाळी लावून. सकाळी सीओटू ७९०. झकास! पण पीएम २.५ रात्रीच्या ३८वरून ७१ वर. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तळाला बसते, वरची त्यामानाने ऊबदार हवा झाकणासारखी राहते, आणि त्या झाकणाखाली पहाटेचा झाडू, पालापाचोळ्याची जाळपोळ, आमच्याच वॉचमनची शेकोटी. त्यातलं थोडं दमटपणाचं असेल हे धरूनही वाढ खरी आहे, कारण घरातली आर्द्रता ५५ होती.

तिसरी रात्र. खिडकी बंद, खोलीचं दार हॉलकडे उघडं, पंखा एकवर. सकाळी सीओटू ९८०, पीएम ४४. यांनी पंख्याबद्दल कुरकुर केली, गोधडी वाढवून दिली. खिडक्या दुपारी एक ते चार सताड उघड्या ठेवायच्या, तेव्हा बाहेरची हवा दिवसातली सर्वांत बरी असते.

नुसतं पीएम मोजणारं यंत्र असतं तर 'खिडक्या बंद ठेवा' म्हणालं असतं, आणि नुसतं सीओटूचं असतं तर 'उघडा'.

२२ डिसेंबर, रविवार

आता माणसांची परीक्षा. अ तीन घरांत दोन-दोन दिवस द्यायचं, सोबत माझा अर्ध्या पानाचा कागद. मी फोन करायचा नाही.

२८ डिसेंबर

फोन त्यांनीच केला. बी विंगमधली नवी सून, घाबरलेली: "काकू, फॉर्मल्डिहाइड लाल झालंय, बाळाला आईकडे पाठवू का?" गेले. डायनिंग टेबलावर नागपुरी संत्री, सालींचा ढीग आणि त्याच्या शेजारी यंत्र. एक साल यंत्राजवळ पिळून दाखवली, आकडा तिच्यासमोर तिप्पट झाला. हसली, पण त्याआधी रात्रभर झोपली नव्हती. कागदावर मी लिहिलं होतं 'फॉर्मल्डिहाइडकडे लक्ष देऊ नका'. पडद्यावर लाल आकडा पेटलेला असताना कागद कोण वाचतो?

दुसऱ्या घरी यंत्र उन्हात खिडकीत ठेवलेलं, तापमान ४१. तिसऱ्या घरी नातवाने फुंकून फुंकून चेहरा रडवायचा खेळ केला, त्यांचा अहवाल 'मस्त आहे'.

तिसऱ्या घरचे काका वर म्हणाले, "आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, तिथे हे लावून ठेवतो, गळती झाली तर कळेल." मी यंत्र तिथल्या तिथे काढून घेतलं. जरा जोरातच बोलले असेन. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळतो तेव्हा प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. दर थंडीत अशी बातमी येते. या सात आकड्यांत कार्बन मोनॉक्साइड नाही. ब मध्येही नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो, आणि अलार्मच्याही आधी गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला हवा. चेहरा हसतोय म्हणून आत कुणी कडी लावून निवांत राहिलं असतं तर?

हे कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात जाणार.

२९ डिसेंबर

ब चा एक दोष लिहून ठेवते, नाहीतर त्याची आरती केल्यासारखं होईल. आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ते धरून चालतं आणि आपलं शून्य परस्पर सरकवतं. कायम बंद असलेल्या खोलीत दोन आठवडे पडून राहिलं तर तिथल्या ७००लाच ४०० समजायला लागेल. उपाय सोपा आहे: यंत्र परत आलं की वीस मिनिटं गच्चीवर. ४१० ते ४५०च्या बाहेर दाखवलं तर पुढे द्यायचं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार. मीटिंग

माझं म्हणणं मांडलं. अ सोसायटीने उधारीवर देऊ नये. पीएम २.५ ठीक मोजतं, पण सातातले चार आकडे बनवलेले, आणि समजावायला प्रत्येक घरी मी जाऊ शकत नाही. ब सारखं घ्यावं: आकडे कमी, पण पीएम १० सोडला तर मोजलेले.

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ताई, दोन हजारांचं सात गोष्टी दाखवतं आणि अकरा हजारांचं तीन-चार?" हो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दम्याच्या मुलाचे वडील म्हणाले, निम्मे पैसे मी घालतो. भाच्याने जुनं म्हणून सात हजारांत दिलं, विषय मिटला.

अ मी २,१९०ला सोसायटीकडून घेतलं. सीओटू, फॉर्मल्डिहाइड, टीव्हीओसी आणि पीएम १०वर बँडेजची पट्टी चिकटवली, चेहऱ्यावरही. फ्रिजवर असतं. सत्तरच्या पुढे गेलं की चिमणी वाढवायची.

७ जानेवारी

सामाईक वस्तूंच्या वहीत व्हीलचेअरच्या खाली नोंद केली: हवेचं यंत्र, एक, चार्जरसह, मागे लाल अक्षरांत 'गॅस गिझरसाठी नाही'. परतीची तपासणी गच्चीवर. पुढची मोठी तपासणी जून.

संध्याकाळी सेक्रेटरी सही करायला आले. घरी रंगकाम काढलंय, रंगाच्या वाफा किती ते बघायचंय म्हणे. सांगितलं, यात वाफांचा सेन्सर नाही, रंगाचं काही कळणार नाही, खिडक्या उघड्या ठेवा. थोडा वेळ वही बघत उभे राहिले, मग शिडी घेऊन गेले.